आपल्याच नावावर दुसऱ्याची दलाली

गूगलवर एखाद्यानं आपल्या दुकानाचं नाव जसंच्या तसं टाइप केलं, म्हणजे ते गिऱ्हाईक बागेच्या बेड्याशी, फाटकाशी, येऊन उभंच आहे. त्याला रस्ता विचारायचा उरलेला नाही. ॲफिलिएट म्हणजे आपल्या दुकानाकडे गिऱ्हाईक पाठवून कमिशन घेणारा. त्याची लबाडी नेमकी इथे चालते: आपल्याच नावाच्या शोधावर तो गूगलची जाहिरात लावतो. बेड्यापाशी एक जण टपून बसतो, आलेल्याचा हात धरून त्याला दहा पावलं आत आणतो आणि महिनाअखेरीस दलालीचं बिल लावतो. वाशीच्या बाजारातला दलाल निदान आपल्याला न सापडणारं गिऱ्हाईक शोधून देतो. हा आपलंच आपल्याला विकतो.

देवगड-रत्नागिरी पट्ट्यातल्या, घरपोच हापूस विकणाऱ्या दुकानांच्या जाहिराती सांभाळताना हे प्रकरण निस्तरायची जी वाट आमच्या पायाखालची झाली, ती इथे मांडतो. होमस्टेवाल्यांना आणि काजू-कोकमवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. आंब्याचा फरक एवढाच, की त्याचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. तक्रारीचा निकाल जूनमध्ये लागला तर तोवर झाडावर काही उरलेलं नसतं.

आधी हिशेब, कारण तो कळल्याशिवाय ही माणसं इतकी चिवट का असतात ते कळत नाही. पेटीची ऑर्डर ३,००० रुपयांची धरू आणि कमिशन ८ टक्के, म्हणजे २४० रुपये. दुकानाच्या नावावर लावलेल्या जाहिरातीचा क्लिक ५ रुपयांना पडतो आणि बारा क्लिकांमागे एक ऑर्डर येते असं धरलं, तर ॲफिलिएटचा खर्च ६० रुपये. एका ऑर्डरमागे १८० रुपये सुटले, तेही ना आंबा पिकवता, ना लेख लिहिता, ना व्हिडिओ करता. आपल्या बाजूनं पाहिलं तर जी ऑर्डर ६० रुपयांच्या जाहिरातीत, किंवा जाहिरातीखालच्या साध्या दुव्यावरून फुकटातच आली असती, तिला २४० मोजले. शिवाय एकाच नावावर दोघे बोली लावायला लागले की ५ रुपयांचा क्लिक ५ रुपयांचा राहत नाही. कमिशन एकीकडे आणि महागलेला क्लिक दुसरीकडे, असा भुर्दंड दुहेरी बसतो. दुसरा भाग कुठल्याही बिलात लिहून येत नाही, म्हणून तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आपल्या नावावर जाहिरात दिसली की सगळ्यांनाच चोर म्हणायची घाई करू नये. तिथे चार वेगवेगळ्या जातीचे लोक भेटतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

पहिला थेट दुवा देणारा. हा जाहिरातीत आपल्याच दुकानाचा पत्ता दाखवतो. गूगलच्या शोधात एका डोमेनच्या दोन जाहिराती एकाच जागेसाठी आमनेसामने आल्या, तर वरचढ ठरलेली एकच दिसते. त्यामुळे त्याची जाहिरात येते आणि आपली दिसेनाशी होते. मालक फोनवर नाव शोधून बघतो, वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, खाली स्वतःचा पत्ता असतो, आणि तो निर्धास्त होतो. मथळ्याचे शब्द आपण लिहिलेले आहेत का, हे वाचायची तसदी कोणी घेत नाही. दुसरा कूपनवाला: जाहिरात त्याच्या पानाची, पानावर ‘२० टक्के सूट’चं बटण, बटण दाबलं की कमिशनची नोंद होऊन माणूस आपल्या दुकानात. सूट बहुतेकदा आपण जाहीरपणे देत असतो तीच, किंवा मुळात नसतेच. तिसरा निव्वळ स्पर्धक किंवा पुनर्विक्रेता. त्याचा आपल्या ॲफिलिएट योजनेशी संबंध नाही, तेव्हा योजनेचे नियम त्याला दाखवून उपयोग शून्य. चौथा सरळसरळ ठग: आपल्या नावाचं, आपलेच फोटो लावलेलं खोटं दुकान. त्याच्या बाबतीत खालचं सगळं सोडून आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, गूगलकडे जाहिरातीची तक्रार, आणि आपल्या व्हॉट्सॲप यादीला इशारा. पुढचं लेखन पहिल्या दोघांबद्दल आहे.

संशय कसा येतो? एकच आकडा बघून येत नाही. नावाच्या शोधाची मोहीम वेगळी ठेवलेली असली पाहिजे. ‘हापूस आंबा ऑनलाइन’ आणि आपलं नाव एकाच मोहिमेत कोंबलं असेल तर काहीच दिसणार नाही. वेगळ्या मोहिमेत मग असं दिसतं: बोली बदललेली नाही, बजेट संपत नाही, मोसम ऐन भरात आहे, तरी दिसण्याचा वाटा (शक्य तितक्या वेळांपैकी किती वेळा जाहिरात दिसली तो) घसरतो, ‘रँकमुळे गमावलेला वाटा’ चढतो आणि क्लिकचा दर वाढतो. त्याच आठवड्यात ॲफिलिएटच्या अहवालात कोणा एकाच्या ऑर्डरी एकदम फुगतात. त्याचं क्लिकांमागे ऑर्डरीचं प्रमाणही पटण्यापलीकडचं असतं. खरोखर आंब्यावर लिहिणाऱ्याच्या पानावरून माणूस येतो तेव्हा तो दर बघतो, पिनकोडला पोचतं का विचारतो, दोन दिवसांनी परत येतो. नावानं शोधून आलेला मात्र पाच मिनिटांत पैसे भरून मोकळा होतो. क्लिक ते ऑर्डर या वेळेचा रकाना अहवालात असेल तर पहिल्यांदा तो बघावा.

लिलावाचा अहवाल, म्हणजे ऑक्शन इनसाइट्स, इथे निम्माच कामाचा. कूपनवाला आणि स्पर्धक त्यात डोमेनसकट दिसतात. थेट दुवा देणारा आपलंच डोमेन पांघरून आलेला असल्यामुळे वेगळा दिसत नाही. ‘अहवालात कोणी नाही, म्हणजे कोणी नाही’ हा निष्कर्ष आम्हीही सुरुवातीला काढत होतो. तो चुकीचा आहे.

आता पुरावा. देवगडात किंवा रत्नागिरीत बसून शोध घेतला तर बहुतेकदा काही सापडत नाही. ही मंडळी दुकानाचा पत्ता असलेला जिल्हा आपल्या जाहिरातीतून वगळून ठेवतात आणि पुष्कळदा जाहिरात रात्री, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच चालू करतात. गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकचं. शोधही तिथूनच व्हायला हवा. गूगल ॲड्समधल्या जाहिरात पूर्वदर्शनाच्या साधनात ठिकाण, भाषा, फोन की संगणक हे निवडता येतं आणि त्या बघण्याची गणती होत नाही, म्हणून रोजची चाचपणी तिथे करावी. पण प्रत्यक्ष फोनवर जे दिसतं ते सगळंच त्यात पकडलं जातं असं नाही. त्यासाठी मुंबई-पुण्यातले पाच-सहा जण लागतात, आणि कोकणातल्या घराला मुंबईतली माणसं शोधावी लागत नाहीत. त्यांना नेमकं सांगायचं: खासगी खिडकी उघडा, हे चार शब्द एकेक करून शोधा, रात्री साडेदहानंतर आणि पहाटे सहाच्या आधी, पडद्याचं चित्र घ्या, त्यात वरची वेळ दिसली पाहिजे. जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की जाहिरातदाराचं नाव आणि देश दिसतो, त्याचंही चित्र घ्या.

त्याच वेळी सांगायचं, की क्लिक एकदाच. पुतण्या चिडून वीस वेळा दाबत बसला तर पुरावा विसाव्या वेळी जास्त भक्कम होत नाही. उलट खोटे क्लिक मारल्याचा ठपका आपल्यावर येतो, आणि जाहिरात आपली असेल तर पैसेही आपलेच जातात. त्या एका क्लिकनंतर पत्त्याच्या पट्टीतला पूर्ण पत्ता कॉपी करून घ्यायचा. नुसतं चित्र पुरत नाही. फोनवर तो पत्ता अर्धाच दिसतो आणि महत्त्वाचं सगळं उरलेल्या अर्ध्यात असतं.

संगणक हाताशी असेल तर आणखी पक्कं काम होतं. ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडायची, नेटवर्कच्या खणात लॉग जपण्याची खूण लावायची, मग क्लिक करायचा आणि सगळी नोंद एचएआर फाइल म्हणून साठवायची. कूपनवाल्याच्या बाबतीत कुठल्या पत्त्यावरून कुठे, ३०१ (कायमचं) की ३०२ (तात्पुरतं) नं वळवलं, ॲफिलिएट क्रमांक कुठल्या टप्प्यावर चिकटला, हे त्यात ओळीनं मिळतं. थेट दुव्यात मात्र हे टप्पे समोर दिसतीलच असं नाही. ऑक्टोबर २०१८ पासून गूगलच्या शोध जाहिरातींत समांतर ट्रॅकिंग सक्तीचं आहे. माणूस थेट शेवटच्या पानावर जातो आणि मोजणीचे मधले दुवे पडद्यामागे चालतात. आपल्या दृष्टीनं हे बरंच झालं. कमिशन पदरात पडायचं तर ॲफिलिएट क्रमांक बहुतेकदा शेवटच्या पत्त्यातच ठेवावा लागतो, आणि शेवटचा पत्ता आपल्या सर्व्हरवर नोंदला जातो.

म्हणून आमच्या मते खरा पुरावा पडद्याच्या चित्रात नसून सर्व्हरच्या लॉगमध्ये आहे. चित्र एका रात्रीचं असतं, त्यावर ‘चुकून झालं’ म्हणता येतं. लॉग पूर्ण महिन्याचा असतो.

गूगल ॲड्समध्ये ऑटो-टॅगिंग चालू असलं की जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकला जीसीएलआयडी नावाची लांबलचक खूण पत्त्यात जोडली जाते. आयफोनवरच्या काही क्लिकांना तिच्याऐवजी जीब्रेड किंवा डब्ल्यूब्रेड लागते. आता विचार करा: एकाच पत्त्यात गूगल जाहिरातीची खूणही आहे आणि ॲफिलिएट क्रमांकही आहे, तर तो माणूस ॲफिलिएटनं विकत घेतलेल्या गूगल जाहिरातीवरून आला. आपण आपल्या जाहिरातीत ॲफिलिएट क्रमांक कधीच घालत नाही. लॉगमधल्या लाखभर ओळींतून या दोन्ही खुणा असलेल्या ओळी गाळून काढायला एक साधी आज्ञा पुरते. मग त्या ॲफिलिएट क्रमांकानुसार मोजायच्या. सहसा दोन-तीन क्रमांकच पुन्हा पुन्हा वर येतात.

यात चुकण्याच्या जागा सांगतो, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं कोसळतं.

सर्व्हरची वेळ. लॉगमध्ये वेळेपुढे +०००० असं असेल तर ती आपली वेळ नाही, साडेपाच तास मिळवावे लागतात. आपल्याकडे रात्री दीडला पडलेला क्लिक लॉगमध्ये आदल्या दिवशी रात्री आठचा दिसतो. हे न बदलता ॲफिलिएट नेटवर्ककडे, म्हणजे दुकान आणि ॲफिलिएट यांच्यातल्या मध्यस्थाकडे, पाठवलं की त्यांच्या ऑर्डरींच्या वेळा जुळत नाहीत आणि तक्रार पहिल्याच दिवशी परत येते.

लॉगची साठवण. बऱ्याच होस्टिंगवर जुने लॉग आपोआप पुसले जातात. सीपॅनेल असेल तर रॉ ॲक्सेसमध्ये जाऊन महिन्याअखेर लॉग साठवण्याची खूण लावायची आणि जुना महिना काढून टाकण्याची खूण काढायची. हे फेब्रुवारीतच करायचं. मे महिन्यात संशय आला आणि मार्चचे लॉग नाहीत, ही गोष्ट आम्हाला इतक्यांदा भेटली आहे की आता कामाला हात घालण्याआधी हाच प्रश्न विचारतो. तयार सेवेवर चालणाऱ्या दुकानांना सर्व्हरचा लॉग मिळत नाही. तिथे ऑर्डरच्या तपशिलात ‘पहिलं पान’ म्हणून नोंदलेला पत्ता वापरायचा. त्यात फक्त ऑर्डरी सापडतात, नुसते क्लिक नाहीत, पण कमिशनच्या वादाला तेवढं पुरतं.

तिसरी चूक जास्त बारीक. जीसीएलआयडी आहे म्हणजे तो आपल्या नावाच्या शोधावरून आला, हे सिद्ध होत नाही. कोणी ‘देवगड हापूस मुंबई’ या शब्दांवर जाहिरात करून त्याला आणला असेल, आणि आपल्या नियमात त्याला परवानगी असेल. लॉगमध्ये शोधलेला शब्द येत नाही. म्हणून लॉग आणि चित्र ही जोडी लागते: चित्र सांगतं कुठल्या शब्दावर, लॉग सांगतो किती दिवस आणि किती वेळा. आणि तो क्लिक आपल्या खात्यातला नव्हता हेही दाखवता येतं. गूगल ॲड्सच्या क्लिकच्या अहवालात आपल्या खात्याच्या जीसीएलआयडी मिळतात, मात्र एका वेळी एकाच दिवसाच्या आणि फार तर मागच्या ९० दिवसांच्या. हंगाम साधारण तेवढाच, त्यामुळे रोज रात्री त्या उतरवून ठेवणारी स्क्रिप्ट मार्चपासूनच लावून द्यावी.

क्रमांक हातात आला की नेटवर्ककडून प्रकाशकाचं, म्हणजे त्या ॲफिलिएटचं, नाव कळतं. कधी कधी तो क्रमांक एका मोठ्या उपनेटवर्कचा निघतो आणि त्याच्या पोटात शेकडो छोटे ॲफिलिएट असतात. मग त्या छोट्या ॲफिलिएटच्या उप-क्रमांकासकट विचारायचं. ‘आमच्याकडे खूप प्रकाशक आहेत, शोधून कळवतो’ असं उत्तर आलं तर त्या उपनेटवर्कचं सगळंच कमिशन चौकशी होईपर्यंत रोखून धरायचं, असं नियमात आधी लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. नियमच नसतो. आम्ही पाहिलेल्या अर्ध्याअधिक योजनांच्या करारात शोध जाहिरातींबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. नेटवर्कनं दिलेला तयार मसुदा, त्यावर सही, संपलं. अशा वेळी ॲफिलिएटनं केलं ते आवडण्यासारखं नसलं तरी करारभंग नव्हे, आणि झालेलं कमिशन नाकारता येत नाही. ते मुकाट्यानं द्यावं आणि त्याच दिवशी नियम लिहावा. आमच्या मसुद्याचा गाभा असा:

“दुकानाचं नाव, त्याची देवनागरी व रोमन लिपीतली सर्व रूपं, चुकीची स्पेलिंगं, तसंच नावासोबत ‘आंबा’, ‘हापूस’, ‘कूपन’, ‘ऑफर’, ‘दर’, ‘संपर्क’ असे शब्द जोडून होणारे शोध यांवर कोणत्याही सशुल्क शोध सेवेत बोली लावता येणार नाही. सोबतच्या यादीतले शब्द नकारार्थी कीवर्ड म्हणून प्रत्येक मोहिमेत घालणं बंधनकारक आहे. जाहिरातीच्या मजकुरात वा दिसणाऱ्या पत्त्यात दुकानाचं नाव वापरता येणार नाही. जाहिरातीवरून थेट दुकानाच्या पानावर नेता येणार नाही. ठिकाण किंवा वेळ वगळून केलेलं उल्लंघन हेतुपुरस्सर मानलं जाईल. उपप्रकाशकांच्या कृतीची जबाबदारी मुख्य प्रकाशकाची राहील. उल्लंघन आढळल्यास त्या पंधरवड्यातलं, अद्याप मंजूर न झालेलं सर्व कमिशन रद्द होईल.”

नकारार्थी कीवर्ड म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसू द्यायची नाही ते शब्द. त्यांच्या यादीवर थोडं थांबतो, कारण इंग्रजीतून उचललेल्या मसुद्यांत हा भाग लंगडा असतो. समजा, दुकानाचं नाव ‘गडगा’ आहे. लोक ‘गडगा आंबा’ शोधतात, तसंच ‘गडग्याचे आंबे’, ‘गडग्यावरून हापूस’ असंही शोधतात. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं, आणि नकारार्थी कीवर्ड जवळच्या रूपांना आपणहून कवेत घेत नाही. जून २०२४ मध्ये गूगलनं नकारार्थी कीवर्डात चुकीची स्पेलिंगं धरायला सुरुवात केली, पण ‘गडगा’ आणि ‘गडग्याचे’ हा स्पेलिंगचा मामला नाही. म्हणून सामान्यरूपं हातानं लिहायची. रोमन लिपीत तर आणखी गंमत: शेवटी एक ए की दोन, मधला ड साधा की एच लावून, दोन शब्द जोडून की तोडून. आपल्याच खात्याच्या शोधशब्दांच्या अहवालातून वर्षभरात लोकांनी खरोखर काय काय टाइप केलं ते उतरवून घेतलं की यादी तयार होते. चाळीस-पन्नास रूपं सहज भरतात.

‘देवगड हापूस’ किंवा ‘रत्नागिरी हापूस’ यावर बंदी घालावी का? आमचं मत, घालू नये. ही नावं कोणा एका दुकानाची नाहीत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांच्या फळाचं आहे. ज्याला आपलं नाव माहीत नाही अशा माणसाला तिथून शोधून आणणं हेच तर ॲफिलिएटचं काम. तो स्वतःचे पैसे लावून ते करत असेल तर त्याला कमिशन हक्कानं मिळालं पाहिजे. तिथेही दार बंद केलं तर चांगले लोक योजना सोडतात आणि उरतात ते कूपनवाले.

पहिलं पत्र सौम्य लिहावं, आणि ते भिडेखातर नव्हे. ‘हापूस पेटी’ अशा साध्या शब्दावर कोणी ब्रॉड मॅच, म्हणजे जवळपासच्या शोधांवरही जाहिरात दाखवण्याची मुभा, ठेवला तर गूगल त्याला आपल्या नावाच्या शोधावरही नेऊन बसवू शकतं, आणि परफॉर्मन्स मॅक्स या गूगलच्या स्वयंचलित मोहिमेत तर कीवर्ड निवडायची सोयच नसते. तिथे ब्रँड वगळण्याची यादी मुद्दाम लावावी लागते. जाहिरातीचे मथळे आपोआप तयार करण्याची सोय चालू असेल तर आपलं नाव मथळ्यातही उमटू शकतं आणि त्या माणसाला पत्ता नसतो. म्हणून पत्रात आरोप नको. तारीख, भारतीय वेळ, शहर, शोधलेला शब्द, चित्र, पूर्ण पत्ता, ॲफिलिएट क्रमांक, सोबत नकारार्थी यादी, आणि २४ तासांची मुदत. हंगाम नसताना तीन दिवस दिले तरी चालतात. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात २४ तासही जास्तच. खरोखर चूक झालेला माणूस त्याच दिवशी यादी लावून खात्याचं चित्र पाठवतो. मुरलेला गडी ‘आमच्या टीमकडे पाठवलंय’ म्हणतो, आणि त्या रात्री मुंबईत जाहिरात दिसत नाही पण नाशिकात दिसते. तो पकडला की दुसरं पत्र लिहायची गरज नाही. कमिशन थांबवायचं आणि योजनेतून काढायचं.

कमिशन नाकारताना सरसकट नाकारू नये. नेटवर्कवर प्रत्येक ऑर्डर काही दिवस ‘प्रलंबित’ असते, मग आपोआप मंजूर होते. ही मुदत आपल्या करारात किती आहे ते हंगामाआधी बघून ठेवावं. ३० दिवसांची असेल तर मार्चअखेरच्या ऑर्डरी एप्रिलअखेर हातातून जातात, आणि त्या वेळी सगळं घर पेट्या भरण्यात आणि आढी लावण्यात गुंतलेलं असतं. मुदत ६० दिवसांची करून घेता आली तर उत्तम. नाकारायच्या ऑर्डरींची यादी ऑर्डर क्रमांकानुसार द्यायची, प्रत्येकीपुढे लॉगमधली ओळ. ज्या ऑर्डरीला पुरावा नाही पण संशय आहे, ती नियमात पंधरवड्याचं कलम असेल तरच नाकारता येते. आधीच दिलेल्या कमिशनवर जीएसटी भरलेला असेल तर नुसती रक्कम परत घेऊन भागत नाही, क्रेडिट नोट मागावी लागते. लेखापालाला हे जूनमध्ये सांगितलं तर तो आपल्यावरच वैतागतो.

गूगलकडे ट्रेडमार्कची तक्रार करता येते, पण तिच्याकडून काय होतं आणि काय होत नाही ते नीट समजून घ्यावं. जाहिरातीच्या मजकुरात आपलं नोंदणीकृत नाव वापरलं असेल तर गूगल त्यावर बंधन घालतं. नाव कीवर्ड म्हणून वापरलं तर घालत नाही. जुलै २०२३ पासून तक्रार विशिष्ट जाहिरातदाराविरुद्ध चालते. पूर्वीसारखं एकदा कळवलं आणि सगळ्यांना बंदी, असं होत नाही. त्यातही पुनर्विक्रेते आणि माहिती देणारी पानं यांना सूट आहे, आणि दर व सूट दाखवणारा कूपनवाला त्या सवलतीच्या आडोशाला जाऊ शकतो. तक्रार करताना आपल्या स्वतःच्या आणि आपल्या एजन्सीच्या खात्यांचे दहा आकडी ग्राहक क्रमांक अधिकृत म्हणून कळवायला विसरू नये, नाहीतर ऐन हंगामात आपल्याच जाहिरातीला खीळ बसण्याची भीती.

कोर्टाचा मार्गही असाच अर्धा. दिल्ली उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०२३ रोजी गूगल आणि डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्या प्रकरणात, ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं हा कायद्याच्या दृष्टीनं ‘वापर’ ठरतो असं म्हटलं. पण तेवढ्यानं उल्लंघन होत नाही, लोकांचा गोंधळ होतो किंवा नावाचा गैरफायदा घेतला जातो हे दाखवावं लागतं. दोन-तीनशे पेट्या विकणाऱ्यानं या भानगडीत पडू नये. वकिलाच्या नोटिशीचा धाक पुष्कळदा पुरतो.

ट्रेडमार्कची नोंदणी मात्र करून ठेवावी. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. ताजा आंबा वर्ग ३१ मध्ये, टिकवलेलं फळ २९ मध्ये, कोकम सरबत ३२ मध्ये आणि दुकान म्हणून केलेली विक्री ३५ मध्ये. आपला भाग मुंबईच्या कार्यालयाखाली येतो. तपासणीचा अहवाल आला की एक महिन्यात उत्तर द्यायचं, जर्नलमध्ये नाव छापल्यावर चार महिने हरकतीसाठी खुले. नोंदणी दहा वर्षं चालते. नुसतं ‘देवगड आंबा’ किंवा ‘कोकण हापूस’ असं नाव दिलं असेल तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ आडवं येतं, कारण ते मालाचं आणि गावाचं वर्णन आहे. नाव ठेवतानाच आपल्या घराण्याचा, वाडीचा, काहीतरी वेगळा शब्द घेतलेला बरा.

आपली नावाची मोहीम या सगळ्या काळात चालूच ठेवायची. बोली भरमसाट वाढवून ॲफिलिएटला हुसकावणं हा सगळ्यात महागडा मार्ग. त्याला फक्त कमिशनच्या आत राहायचं असतं आणि ते कमिशन आपणच देत असतो. दिसण्याच्या वाट्यावर चालणारी बोली निवडली तर क्लिकच्या दरावर कमाल मर्यादा घालायला विसरू नका. रात्री जाहिरात बंद ठेवायची सवय सोडा, तीच त्याची वेळ. बजेट संध्याकाळी सातला संपत असेल तर मोहिमांतलं इतर काहीही कापा, पण नावाची मोहीम उपाशी ठेवू नका. जाहिरातीखाली दर, पिनकोड तपासणी, आढीतली तयार फळं, संपर्क असे चार जोडदुवे दिले की जागा व्यापली जाते आणि कूपनवाला खाली ढकलला जातो.

कमिशनच्या रचनेतही दोन खुंट्या घट्ट कराव्या. कुकीची मुदत, म्हणजे क्लिकनंतर किती दिवसांपर्यंतच्या ऑर्डरीवर कमिशन मिळतं ती, ३० दिवसांची असेल तर ७ वर आणा. आंबा घ्यायचा की नाही हे ठरवायला कोणाला महिना लागत नाही. आणि जुन्या गिऱ्हाइकावर कमिशन एक तर नको, नाहीतर अगदी थोडं. दरवर्षी पाच पेट्या मागवणारं दादरचं कुटुंब आपलं नाव टाइप करूनच येतं, आणि बेड्यापाशी बसलेल्याची खरी कमाई त्याच कुटुंबावर असते. फोन क्रमांकावरून जुनं-नवं ओळखणं दुकानाच्या सॉफ्टवेअरला अवघड नाही.

आमचा क्रम आता असा बसला आहे. दिवाळीनंतर नियम आणि यादी, जानेवारीत ती प्रत्येक ॲफिलिएटकडून मान्य करून घेणं, फेब्रुवारीत लॉगची साठवण आणि स्क्रिप्ट. मार्चपासून आठवड्यातून दोन रात्री शोध: एक शुक्रवारची, दुसरी दर वेळी बदलती. मोसम संपता संपता शेवटच्या प्रलंबित ऑर्डरींची छाननी. ती पाऊस लागून रेंज जायच्या आत उरकायची, कारण मुदत टळली की नेटवर्क त्या आपणहून मंजूर करतं.